रेंडर निम्म्यावर आला की पीसी मान टाकतो

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडजवळच्या गावात राहतो. लग्नाचे व्हिडिओ शूट करतो आणि घरीच एडिट करतो. इतकी वर्षं जुन्या लॅपटॉपवर रेटलं. यंदा सीझनच्या आधी पैसे साठवून पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला. रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० कार्ड, एक टीबीची एसएसडी. कॅबिनेट इथल्याच दुकानातून घेतलं, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) त्यात बसवूनच आला होता. त्याला ग्राफिक्स कार्डाची केबल नव्हती, म्हणून दुकानदारानं एक कन्व्हर्टर दिला. पहिल्याच बटणाला सुरू झाला तेव्हा आईनं त्याच्यापुढं नारळ फोडला.

आठवडाभरानं रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल काढायला घेतली, की मध्येच बंद पडायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, दिवा मालवावा तसा फट्‌कन जातो. कधी पाच मिनिटांत, कधी चाळीस मिनिटांनी. मग बटण दाबलं तरी ढिम्म. मागचा स्विच बंद करून जरा वेळानं चालू केला की मग उठतो. भाऊ त्यावर जुनं काउंटर-स्ट्राइक तासन्‌तास खेळतो, त्याला काही होत नाही. शिवाय लाइट जाऊन घर इन्व्हर्टरवर गेलं की पीसी कधी टिकतो, कधी रीस्टार्ट होतो. दुकानदार म्हणाला विंडोज खराब आहे. दोनदा टाकली. मित्र म्हणाला रॅम खोडरबरानं पूस. पुसली. एडिटिंग करताना प्रोसेसरचं तापमान ७५ ते ७८ दाखवतं. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो सोबत पाठवतोय. दोन नवरदेव रोज फोन करतायत. सगळं विकून लॅपटॉप घेऊ का?

— एक वाचक, कराड

उत्तर : आधी नवरदेवांचं बघू, मग मशीनचं. ज्या लग्नांचं काम बाकी आहे त्यांची कॅमेऱ्याची मेमरी कार्डं अजून फॉरमॅट केली नसतील तर करू नका. केली असतील तर सगळं फुटेज आजच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि प्रोजेक्टची फाइलही तिथंच ठेवा. एसएसडीवर लिहिणं चालू असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते, आणि तुमच्याकडं तर हे आठवड्यातून कितीदा होतंय. पीसी पुन्हा जोडता येतो. अंतरपाट पुन्हा धरता येत नाही.

आता मशीन. पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथंच थांबले. बंद पडल्यावर पुढचं बटण दाबून काही होत नाही, मागचा स्विच बंद-चालू करावा लागतो. कारागिराला हे वाक्य मिळालं की निम्मं काम झालं. चांगल्या-वाईट बहुतेक एसएमपीएसमध्ये संरक्षणाची एक सोय असते. ठरलेल्या मर्यादेपलीकडं करंट ओढला गेला किंवा कुठं शॉर्ट झालं की तो सगळे व्होल्टेज बंद करतो आणि आतून कडी लावून बसतो. बाहेरून कितीही बटण दाबा, कडी निघत नाही. मागचा स्विच बंद करून आतल्या कपॅसिटरमधली वीज उतरली की निघते. तुम्ही ‘जरा वेळानं’ म्हणता तो हाच वेळ.

प्रोसेसर तापून बंद झाला असता तर चित्र बहुधा वेगळं दिसलं असतं. मशीन बंद पडलं असतं, पण बटण दाबल्यावर लगेच उठलं असतं आणि गरम असल्यामुळं कदाचित पुन्हा झोपलं असतं. रॅम खराब असती तर निळी स्क्रीन, मध्येच गोठलेला माउस, उघडता उघडता बंद पडणारी सॉफ्टवेअरं असले प्रकार दिसले असते. विंडोजनं स्वतःहून बंद केलं असतं तर ‘शटिंग डाउन’ लिहून, रीतीनं निरोप घेऊन गेली असती. विंडोज कितीही बिघडली तरी एसएमपीएसला आतून कडी लावायला जात नाही. म्हणून ती दोनदा टाकण्यात गेलेले दिवस फुकट गेले, याचं मलाही वाईट वाटतं. आणि खोडरबर! आपल्याकडं संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावर हा उतारा आहे. जुन्या, धूळ खाल्लेल्या, कळकटलेल्या रॅमवर तो कधीमधी चालायचा, हे खरं. पण तुमची रॅम नवी आहे. तिच्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो घासून तुम्ही काय मिळवलंत? रॅम दोन्ही बाजूंनी ‘कट’ आवाज येईपर्यंत दाबली आहे ना आणि प्रोसेसरच्या बाजूनं मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहे ना, एवढं पाहा आणि तिला सोडून द्या.

विंडोजचं म्हणणं काय आहे तेही एकदा वाचून घ्या, फुकटच आहे. स्टार्टवर उजवी क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. ज्या वेळी पीसी गेला त्या वेळेजवळ ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी लाल खुणेची नोंद सापडेल. ती पाहून लोक घाबरतात आणि ‘कर्नल दुरुस्त कसा करायचा’ म्हणून शोधत बसतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मी रीतसर बंद झाले नव्हते. गाडी बंद पडल्यावर ड्रायव्हरनं ‘गाडी बंद पडली’ असं सांगावं, तेवढीच तिची किंमत. मात्र तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ नावाचा आकडा असतो तो बघा. तिथं शून्य असेल तर निळ्या स्क्रीनची काही नोंद नाही, म्हणजे बहुधा वीज पायाखालून गेली. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर मला पुन्हा लिहा, मग रस्ता बदलेल. आणि ४१ च्या जागी १०७४ ही नोंद असेल तर विंडोजनं किंवा एखाद्या प्रोग्रामनंच बंद करण्याचा हुकूम दिलाय, त्यात प्रोग्रामचं नावही लिहिलेलं असतं.

तापमानाचं म्हणाल तर ७८ ला घाबरू नका. ५६०० ची वरची मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे. तिथं पोचला तरी तो लगेच बंद पडत नाही, आधी वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. तो बंद पडायला कूलर जवळजवळ कामच करत नसावा लागतो : पंख्याची वायर लावायची राहिलेली, चारांपैकी दोनच स्क्रू आवळलेले, किंवा वेगळा कूलर घेतला असेल तर त्याच्या तळाचं प्लॅस्टिक तसंच राहिलेलं. (हसू नका. ते प्लॅस्टिक मी चांगल्या चांगल्या हातांनी जोडलेल्या मशीनमधून सोलून काढलंय.) तरी तुम्ही ७८ पाहिलंत ते एडिटिंग करताना, रेंडर चालू असताना नव्हे. म्हणून एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्यात लॉगिंग सुरू करून रेंडर लावा. पीसी गेल्यावर पुन्हा उठवून त्या फाइलची शेवटची ओळ बघा. मरणाच्या दोन सेकंद आधी प्रोसेसर किती होता आणि कार्ड किती होतं, ते तिथं लिहिलेलं असेल. दोन्ही ऐंशीच्या घरात असतील तर उष्णतेला यादीतून काढून टाका.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आहे. त्याच्याखाली बारीक अक्षरातला तक्ता मी मोठा करून वाचला. +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलंय. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. बाकीची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरलेली आहे, तिथं मात्र अँपिअर सढळ हातानं दिलेत. जुन्या काळी संगणकाचा बराचसा भार त्या पाच व्होल्टवरच असे. २००० साली पेंटियम ४ आला तेव्हापासून प्रोसेसरला १२ व्होल्टची वेगळी केबल लागायला लागली, आणि आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात. तुमच्या ५६०० ला पूर्ण जोरात ७६ वॅटपर्यंत ओढायची मुभा असते. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. दोघांचे मिळून २४६. पंखे, मदरबोर्ड धरले की पावणेतीनशेच्या आसपास. आणि हातात आहेत २१६, तेही लेबल खरं बोलत असेल तर.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. आचारी म्हणतो, साडेचारशे पानांचा स्वयंपाक तयार आहे. झाकणं उघडून बघितलं तर लोणचं, कोशिंबीर आणि मठ्ठा साडेचारशे पानांना पुरेल, भात मात्र दोनशे सोळा पानांचाच. पहिल्या पंगतीला कुणाला काही कळत नाही. दुसरी पंगत बसली की कळतं.

भावाच्या काउंटर-स्ट्राइकचं कोडंही इथंच सुटतं. तो जुना खेळ ३०६० च्या दृष्टीनं शेंगदाणे आहे. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही अर्धवट झोपेत चालवतात तो. रेंडरमध्ये मात्र दोघं एकदम कामाला लागतात, कलर करेक्शन आणि इफेक्ट कार्डावर, बाकीची डिकोडिंगची आणि ऑडिओची कामं प्रोसेसरवर. शिवाय ग्राफिक्स कार्ड एकसारखी वीज ओढत नाही. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी ते सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतं. या उसळ्या इतक्या डोईजड झाल्या की २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात, मोठ्या एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी सोसली पाहिजे, असं लिहावं लागलं. तुमचा कधी पाच मिनिटांत जातो आणि कधी चाळीस, त्याचं कारण मला हेच दिसतं. दोघांची उसळी एकाच क्षणी कधी जुळेल ते सांगता येत नाही.

हे झालं कागदावरचं. आता खात्री, एक पैसा न खर्चता. ओसीसीटी किंवा सिनेबेंच हे चाचणीचं सॉफ्टवेअर लावून फक्त प्रोसेसरला पंधरा मिनिटं पळवा. ५६०० ला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळं कार्ड काढता येणार नाही, पण या चाचणीत ते रिकामं बसून राहतं. पीसी टिकेल, असा माझा अंदाज. एरवी मी पुढं सांगितलं असतं की आता फक्त कार्डाला पळवा आणि मग दोघांना एकदम. तुमच्या बाबतीत सांगणार नाही. दोघांची एकत्र परीक्षा तुम्ही रोज रेंडर लावून घेताच आहात, आणि त्या कन्व्हर्टरवर मुद्दाम जास्तीचा भार टाकायची माझी तयारी नाही. त्याऐवजी उलटं करा. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्यात पॉवर लिमिटचा स्लायडर असतो, तो ७० टक्क्यांवर आणा. कार्डाचा भार १७० वरून १२० च्या आत येईल. मग नेहमीचा रेंडर लावा. वेळ थोडा जास्त लागेल. जो रेंडर रोज मरत होता तो एका दमात पार पडला, दुसऱ्यांदाही पार पडला, तर निदान झालं म्हणून समजा. आणि तुमच्या नवरदेवांचं कामही याच युक्तीनं निघेल. दोन तासांचा व्हिडिओ एका फाइलमध्ये न काढता हळद, लग्न, वरात असे तुकडे करून काढा. एक तुकडा गेला तर तेवढाच परत. मात्र रेंडर लावून झोपायला जाऊ नका, आणि करपल्याचा वास आला तर माउस शोधत बसू नका, भिंतीवरचं बटण बंद करा.

आता तो कन्व्हर्टर. पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली वस्तू हीच. एसएमपीएसला कार्डाची केबल नसणं ही उणीव समजू नका, ती कंपनीनं दिलेली सूचना आहे : असलं कार्ड मला लावू नका. कार्डाच्या आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॅटपर्यंत, म्हणजे साडेबारा अँपिअर जातील असं धरलेलं असतं आणि त्यासाठी त्यात १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात. जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टची पिवळी वायर एकच. असले दोन कनेक्टर जोडून केलेल्या कन्व्हर्टरला मागून दोनच पिवळ्या वायरी मिळतात, आणि पुष्कळदा त्या दोन्ही एकाच माळेतल्या असतात, म्हणजे ओझं शेवटी एकाच वायरीवर. पीसी बंद करून, प्लग काढून, दहा मिनिटं थांबून तो कन्व्हर्टर सोडवा आणि खिडकीपाशी नेऊन बघा. पांढरं प्लॅस्टिक पिनांभोवती पिवळट-तपकिरी झालंय का? एखाद्या पिनेचं भोक गोलाऐवजी वेडंवाकडं दिसतंय का? नाकाजवळ धरल्यावर वास येतो का? यातलं एकही असेल तर पॉवर लिमिटची वरची युक्तीसुद्धा करू नका. नवा एसएमपीएस येईपर्यंत जुन्या लॅपटॉपवर काम करा.

आता थोडी शंका मी माझ्यावरच घेते. कडी फक्त जास्त भारानं लागत नाही, शॉर्टनंही लागते. माझ्या मेहुण्याच्या पीसीनं मला एकदा पुरता मामा बनवलं होतं. तोही असाच फट्‌कन जायचा. मी एसएमपीएस बदलला, रॅम बदलली, हरले. एके दिवशी टेबलावर चहाचा कप जरा जोरात ठेवला आणि पीसी गेला. पुन्हा उठवला, टेबलाला मुद्दाम धक्का दिला, पुन्हा गेला. मदरबोर्ड काढून बघितला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर एक पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर उचलून धरणारा खुंटा) जास्तीचा. बोर्डला तिथं भोकच नव्हतं, आणि त्याचं टोक बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकत होतं. स्टँडऑफ आठ आण्यांचा, माझे तीन रविवार गेले. म्हणून नवा एसएमपीएस बसवायच्या निमित्तानं तुम्ही मदरबोर्ड एकदा बाहेर काढाच. भोकं मोजा, स्टँडऑफ मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. एखादी वायर बोर्डाखाली किंवा कॅबिनेटच्या झाकणात चिमटली आहे का ते बघा. आणि पुढच्या बटणावर बोट ठेवून ते दाबलं की सुटून वर येतं ना ते बघा, कारण बटण चार सेकंद दबलेलं राहिलं की मदरबोर्ड जबरदस्तीनं बंद होतो. तुमचा चाळीस मिनिटं चालतो म्हणजे बटणाचा दोष वाटत नाही, पण बघायला पैसे पडत नाहीत.

इन्व्हर्टरचं दुखणं वेगळं आहे, त्याची या दुखण्याशी सरमिसळ करू नका. तिथं पीसी मरत नाही, रीस्टार्ट होतो, आणि कडीही लागत नाही. लाइट जाऊन इन्व्हर्टर हातात घेईपर्यंत मध्ये काही मिलिसेकंदांची फट पडते. तेवढा वेळ एसएमपीएसनं आपल्या कपॅसिटरमधल्या शिलकीवर काढायचा असतो. १६-१७ मिलिसेकंद काढता यावेत अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, म्हणजे आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेच्या एका फेऱ्यापेक्षाही कमी. स्वस्त एसएमपीएसमध्ये पहिली काटछाट त्या मोठ्या कपॅसिटरवरच होते. म्हणून पीसी मोकळा असताना लाइट गेली तर टिकतो, काम चालू असताना गेली तर गडगडतो. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा खटका आहे का ते बघा. असला तर तो यूपीएसकडं करा, मग बदली लवकर होते. पुष्कळ घरांत इन्व्हर्टर बसवणारा माणूस तो खटका नॉर्मलवरच ठेवून जातो आणि कुणी त्याच्याकडं पुन्हा बघत नाही. चांगला एसएमपीएस आला की हे रीस्टार्ट होणं बहुधा आपोआप कमी होईल. तरीही होत राहिलं तर पीसीपुरता यूपीएस घ्या, पण ६०० व्हीएचा नको. व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस खरे ३६० वॅटच देतात, आणि पीसीबरोबर तुमचा मॉनिटरही त्यावरच असणार. १००० व्हीएच्या पुढचा बघा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर नव्या पद्धतीच्या एसएमपीएसशी त्याचं पटत नाही. तो बदलायची वेळ आली की साइन वेव्हचाच घ्या.

एसएमपीएस घेताना लेबलवरचा मोठा आकडा वाचू नका. तक्ता वाचा. ३०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटची शिफारस करते. तुम्ही ५५० किंवा ६५० चा घ्या आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहेत ना ते बघा. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४०, नाव आणि काम जुळलं. खोक्यावरचं ८० प्लस ब्रॉन्झ वीज किती वाया जाते तेवढंच सांगतं, मजबुतीबद्दल ते बोलत नाही. पण ज्याच्यावर ते नाही त्याच्या वाटेला जाऊ नका. वॉरंटी पाच वर्षांची असेल तर कंपनीचा स्वतःच्या मालावर भरवसा आहे असं मी समजते. गोल्ड, प्लॅटिनम, रंगीत दिवे, हे सगळं तुमच्या कामाला लागत नाही. तो पैसा मोठ्या हार्ड डिस्कला ठेवा.

बसवताना दोन गोष्टी. केबली सुट्या निघणारा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस घेतलात तर त्याच्या खोक्यातल्याच केबली लावा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल खाचेत बसली तरी तिच्या आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो. बटण दाबल्याबरोबर एसएसडी नाही तर कार्ड जळतं, आणि ते वॉरंटीत बसत नाही. दुसरं, आठ पिनांचे दोन कनेक्टर दिसतील. चार-चारमध्ये फुटणारा प्रोसेसरचा, सहा-दोनमध्ये फुटणारा कार्डाचा. एकमेकांच्या जागी जाऊ नयेत म्हणून त्यांच्या खाचा वेगळ्या केलेल्या असतात. जोर लावावा लागत असेल तर तुम्ही चुकताय, थांबा. आणि जुना एसएमपीएस ‘आत काय जळलंय बघू’ म्हणून उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत आल्यावर तिथल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथंच असतात.

नव्या एसएमपीएसवर पॉवर लिमिट पुन्हा १०० टक्के करून दोन-तीन रेंडर काढा. तरीही गेला तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा (चंदेरी पिशवीवर नको, तिच्यातून वीज जाऊ शकते), एकच रॅम लावा, कुणाचं तरी जुनं लहान कार्ड मागून आणा आणि चालवून बघा. बाहेर टिकला तर दोष कॅबिनेटमध्ये. बाहेरही गेला तर मदरबोर्ड किंवा तुमचं कार्ड, आणि ती दोन्ही वॉरंटीत आहेत. मला वाटतं तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

पीसी विकून लॅपटॉप घेऊ का, असं विचारलंत. नका घेऊ. तेवढ्याच पैशात ३०६० सारखं कार्ड असलेला लॅपटॉप मिळाला तरी रेंडरच्या वेळी तो या पीसीइतका दम धरणार नाही. तुमची खरेदी चांगली आहे, एका फुकट मिळालेल्या डब्यानं तिला वेठीला धरलंय एवढंच. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. नवा एसएमपीएस त्याच्याकडूनच घेतलात तर जुन्याचे काही कमी करतो का विचारा, आणि बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या.

आणि तो कन्व्हर्टर ड्रॉवरमध्ये ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवू नका. कात्रीनं मधोमध कापा आणि मग टाका.